न वाचलेल्या चार ओळी

माझ्या आठवणींच्या पुस्तकातलं हे प्रकरण मी तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा भलतंच काहीतरी लिहून ठेवलं. एकदा गावच्या शाळेवर घसरले, एकदा माळवदावर वाळत घातलेल्या कुरडयांवर, आणि एकदा तर नरसीच्या जत्रेतल्या पाळण्यावर चार पानं भरली. लिहिणाऱ्याला टाळायचं असलं की विषय कमी पडत नाहीत. माझी ही हाताने लिहिलेली पानं नामू टाइप करून देतो. नामू म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, माझा भाचा. सेनगावला त्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. पानं दिली की आठवड्याभरात तयार करतो आणि वर "आत्या, मास्तरीण होतीस ना तू, मग अक्षर असं काहून?" अशी टिंगलही करतो. आतापर्यंतची सगळी प्रकरणं त्याने अशीच हसत हसत टाइप केली. हे एक मात्र मी त्याच्यापासून लपवत आले. ह्यात तो आहे. तान्हा, साडेपाच महिन्यांचा, आणि त्याला ह्यातलं जे ठाऊक आहे ते सगळं मी सांगितलेलं, म्हणजे अर्धंच.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आमचं घर सेनगावच्या पलीकडे एका लहान गावात. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, पुढे ओसरी आणि ओसरीला लागूनच गोठा. जेवायला बसलं की एका बाजूने चुलीवरची भाकरी थापल्याचा आवाज आणि दुसऱ्या बाजूने बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा. अंबाडीची भाजी, तुरीची आमटी, शेंगदाण्याची चटणी, हेच आलटून पालटून, आणि त्यातच आम्ही खूश असायचो. घरात आबा, म्हणजे माझे वडील, माय, भाऊ, वहिनी, मी आणि काका-काकू. काका एसटीत कंडक्टर. नोकरी लागली ती कोकणातल्या एका डेपोत. तिकडे पाच वर्षं काढून बदलीने हिंगोलीला आला तो सोबत बायको घेऊनच. घरी फक्त एक पोस्टकार्ड आलं होतं, लग्न केलं म्हणून. ती जानाकाकू, खाडीकाठच्या कोळ्याची मुलगी. माय येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "आमी अक्षता टाकल्या न्हाईत, मंग ती आमच्या घरची सून कशी झाली?" आणि हे म्हणताना काकूनेच केलेला चहा पीत असायची.

काकूने येताना एक पत्र्याची पेटी आणली होती. तिच्यात तळाशी, लुगड्यांच्या खाली, सुके बोंबील होते. आमच्या घरी सणावाराला मटण शिजायचं, पण सुक्या मासळीचा वास आला आणि मायने दोन दिवस अख्ख्या घराला शेणाने सारवलं. मग काकू शहाणी झाली. माय रानात गेली की गोठ्यामागे तीन दगड मांडून एखादाच बोंबील भाजायची आणि अर्धा मला द्यायची. मला तो फार आवडायचा. तोंड धुऊन, वर कांदा खाऊन मी घरात यायचे. माय विचारायची, "कांदा काहून खाल्ला दुपारी?" आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो नाही, कारण बघितलं तर हसू फुटलं असतं. त्या घरात काकूशी धड बोलणारी मी एकटीच होते. काका आठवड्यातून चार दिवस ड्यूटीवर. आबा तर तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. तीन वर्षं ती एकाच छपराखाली राहिली आणि आबांशी एक अक्षर बोलली नाही. काही सांगायचंच असलं तर मला मध्ये घालायची.

तिला वाचता येत नव्हतं आणि शिकायची हौस होती. दुपारी भांडी घासून झाली की ओसरीच्या कोपऱ्यात मी माझं पाठ्यपुस्तक उघडायचे. मी मोठ्याने वाचायचे आणि शब्दाखाली बोट सरकवायचे. ती पुस्तकाकडे नाही, माझ्या बोटाकडे बघायची. बोट थांबलं की म्हणायची, "हा कोन्ता?" मी सांगायचे. क, म, ल एवढी ओळखीची झाली होती तिच्या. बदल्यात ती मला समुद्र सांगायची. मी विचारलं होतं, समुद्र कसा असतो? ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "तुमच्या रानात तूर उभी असते ना, आन वारा येतो, तसा. फकस्त तूर संपते, तो नाय संपत." नंतर मी समुद्र पाहिला तेव्हा मला तूरच आठवली.

त्याच पेटीत एक शंख होता. शंख म्हणजे देवघरातला वाजवायचा नव्हे. माझ्या मधल्या बोटाएवढा, एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे निमुळता. सोनेरी तपकिरी अंगावर पांढरे लहान मोठे त्रिकोण, माशाच्या खवल्यांसारखे एकात एक अडकलेले. इतकं नेमकं काम की माणसाने विणलं असेल असं वाटावं. तिच्या आजीने तो तिच्या आईला दिलेला आणि आईने तिला. एका बाजूला तो घासून घासून सपाट झाला होता. का, ते मला नामू घरात आल्यावर कळलं.

वहिनी बाळंतपणाला जवळा बाजारला माहेरी गेली होती. तीन महिन्यांच्या नामूला घेऊन परत आली तेव्हा घुटीचा प्रश्न निघाला. रोज सकाळी बाळाला तेल लावून आंघोळ घालायच्या आधी सहाणेवर आईच्या दुधात मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, खारीक, बदाम उगाळायचे आणि ते चाटण बोटाने बाळाच्या जिभेवर ठेवायचं. कशाचे किती वेढे द्यायचे ह्यात सगळं कसब. एक वेढा जास्त झाला तर बाळ दिवसभर पेंगतं. हे काम मायचं, पण तिची मनगटं संधिवाताने धरली होती. नाइलाजाने सहाण काकूकडे आली. मला अजून तो आवाज आठवतो, ओल्या दगडावर मुळी गोल फिरल्याचा, सावकाश, आणि काकूचं पुटपुटत मोजणं. शेवटी ती पेटीतला शंख आणायची आणि त्याचे दोन वेढे द्यायची. "हाडं घट्ट व्हतात," म्हणायची, "आमच्यात समद्या पोरांना देतात." मायने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. म्हणाली होती, "दे बाई काय द्यायचं ते, लेकरू झोपून राहिलं ना." नामू काकूच्या हातून घुटी घ्यायचा तेव्हा रडायचा नाही. काकूला स्वतःला मूल नव्हतं. ती त्याची टाळू भरताना जे हसायची ते मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही.

त्या वर्षी झेंडावंदनाच्या दिवशी मला शाळेत पहिल्या नंबराचं बक्षीस मिळालं. समुद्रातल्या प्राण्यांवरचं एक पातळ पुस्तक, आत रंगीत चित्रं. आमच्या गावात समुद्राचं पुस्तक कुणी आणि का धाडलं असेल देव जाणे. मी घरी येईपर्यंत निम्मं संपवलं आणि एका पानावर थबकलेच. काकूचा शंख! तेच त्रिकोण, तोच रंग. खाली लिहिलं होतं की ही शंकूच्या आकाराची एक समुद्री गोगलगाय आहे, दिवसा वाळूत दडून बसते, आपल्याच जातकुळीतल्या दुसऱ्या गोगलगायी खाते, आणि तिचं विष माणसाला मारू शकतं. मी धावत काकूकडे गेले. ती पीठ चाळत होती. म्हणाली, "व्हय, खरं हाय. जिता असला तर हात नाय लावायचा. आमच्या गावात एक जण गेला तसा. वाळूतून उचलला नि कमरेच्या पिशवीत टाकला. पन आतला जीव गेला की मग काय, नुसता चुना तो." मी पुस्तकात पाहिलं. त्याच पानावर खाली चार ओळी होत्या आणि त्या चार ओळींत काकू म्हणाली तेच छापलं होतं. मला जरा वाईटच वाटलं. एवढं पुस्तक मिळालं आणि त्यातलं काकूला आधीच ठाऊक.

पंधरा दिवसांनी गावात जुलाबाची साथ आली. श्रावणात विहिरीचं पाणी गढूळ व्हायचं, दरवर्षीचंच ते. आमच्या आळीत तीन लेकरं आजारी होती. मग नामूलाही जुलाब लागले. एका दिवसात त्याचे डोळे खोल गेले, टाळू आत बसली, रडणंसुद्धा बंद झालं. बैलगाडीने सेनगाव आणि तिथून एसटीने हिंगोली, असं आबांनी आणि भावाने त्याला आणि वहिनीला दवाखान्यात नेलं. घरात चूल पेटली नाही. माय ओसरीवर बसून होती. काकू आत, दाराआड. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने आबा एकटे आले. पायांतल्या चपला न काढताच म्हणाले, "वाचला. सलाईन लावलंय. अजून दोन दिवस ठेवा म्हणे." माय मोठ्याने रडली. आळीतल्या बाया जमल्या, दोन-चार पुरुषही येऊन बसले.

"झालं काय पण त्याला?" कुणीतरी विचारलं.

"डाक्टर म्हणून राहिला, पाण्याचा दोष. पाणी उकळून पाजा म्हणे."

"पाणी तर समदं गाव पिऊन राहिलं," माय म्हणाली. "मंग माझ्याच नातवाला काहून? त्या शंखाचं चाटण देती ना ही रोज! कुठला कुठला शंख, कशाकशात पडलेला. स्वतःच्या पोटी न्हाई, तिला दुसऱ्याच्या लेकराची काय माया!"

आणि तेवढ्यात मी बोलले. का, ह्याचं उत्तर मी आयुष्यभर शोधलं आणि ते फार साधं आहे. मला काहीतरी ठाऊक होतं आणि ते सांगायची ही वेळ आहे असं मला वाटलं, एवढंच. काकूचा राग नव्हता, मायची भीती नव्हती. मी म्हणाले, "तो शंख विषारी असतो. माझ्या पुस्तकात हाय."

सगळी माणसं माझ्याकडे वळली. आमच्या ओसरीवर पुरुष बसलेले असताना मुलीच्या तोंडाकडे कुणी असं बघितल्याचं मला आठवत नाही. आबा म्हणाले, "पुस्तक आण." मी आत गेले तेव्हा काकू दारातच उभी होती. तिने माझ्या खांद्याला हात लावला आणि माझ्यामागोमाग उंबऱ्यापर्यंत आली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, खाली बघत, ती तीन वर्षांत पहिल्यांदा आबांशी सरळ बोलली. "भाऊजी, पोरीला वाचू द्या. म्या सांगितलेलं तुमाला पटायचं नाय. पुस्तकाचं तरी ऐका. वाच गो कुसुम, समदं वाच."

मी वाचलं. शाळेत वाचायचे तसं, शब्दाखाली बोट ठेवून, स्वच्छ आवाजात. "ही गोगलगाय दिसायला सुंदर पण अतिशय विषारी असते. सुईसारख्या पोकळ दातातून ती भक्ष्याच्या अंगात विष टोचते. ह्या विषाने माणूसही मरू शकतो. त्यावर खात्रीचा उतारा नाही." बायांपैकी कुणीतरी "अगं माय माय माय!" म्हणून तोंडावर हात घेतला. मी थांबले. पुढची ओळ 'मात्र' ह्या शब्दाने सुरू होत होती. मात्र हे विष जिवंत प्राण्याच्या शरीरातच असते. प्राणी मेल्यावर उरणारा रिकामा शंख पूर्णपणे निरुपद्रवी असतो. किनाऱ्यावरचे लोक असे शंख घरात ठेवतात. मुले त्यांच्याशी खेळतात. हे मला पाठ होतं. ते वाचलं असतं तर मी म्हणाले ते खोटं पडलं असतं, आणि मघापासून माझ्याकडे बघणारी ती सगळी माणसं हसून उठून गेली असती.

"येवढंच?" आबांनी विचारलं.

"येवढंच," मी म्हणाले, आणि पुस्तक मिटलं.

मी आजवर शाळेत हजारो मुलांना विज्ञान शिकवलं, पेपर तपासले, अर्धवट उत्तराला अर्धेच गुण दिले. त्या 'येवढंच'ला किती गुण द्यायचे हे मला अजून कळलेलं नाही. काकूकडे मी चोरून पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या हातातल्या मिटलेल्या पुस्तकाकडे बघत होती. मला तेव्हा वाटलं, लाजेने तिची नजर वर होत नसेल. मला बरं वाटलं की ती माझ्याकडे बघत नाही.

आबांनी पेटीतून शंख काढून उकिरड्यावर भिरकावला. तिच्यावर हात उचलला नाही कुणी, शिव्याही फार नाहीत. आमची माणसं तशी सभ्य. नुसतं तिचं ताट वेगळं झालं. सहाण मायने उचलून देवळीत ठेवली. नामू परत आला तेव्हा वहिनीने काकूला बघून त्याच्या तोंडावर पदर टाकला. काकू रोज पहाटे उठून मोठ्या पातेल्यात पाणी उकळायची, गाळायची, आणि झाकून वहिनीच्या खोलीच्या दाराशी ठेवायची. ते पाणी घ्यायला मात्र कुणी नाही म्हटलं नाही. आबा येईल त्याला सांगत होते, "पोरगी शिकली म्हणून घरचं लेकरू वाचलं." औंढ्याकडून माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, मायचा त्यात जीव अडकला होता. आबांनी ते परत धाडलं. म्हणाले, "हिला हिंगोलीला शाळेत घालू. राहू दे तिकडं बोर्डिंगात." मला ज्याची स्वप्नं पडायची ते असं आयतं पदरात पडलं. आता सांगायला गेले तर तेही जाईल हे मला लख्ख कळत होतं. म्हणजे पहिल्या दिवशी मी मोठेपणासाठी गप्प राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेसाठी. हे लिहायला लाज वाटते, पण ते तसंच होतं.

काका ड्यूटीवरून आला, त्याने सगळं ऐकलं आणि तो आबांसमोर उभा राहून नुसता रडला. तो भला माणूस होता, पण भावापुढे त्याचा आवाज कधी निघाला नाही. पुन्हा कोकणात बदली मागितली आणि तोवर रजा टाकली. आठव्या दिवशी दोघं निघाली. पेटी घेऊन फाट्यापर्यंत मी गेले होते. एसटी आली, काका आधी चढला. काकू पायरीवर एक पाय ठेवून थांबली आणि माझ्याकडे वळून बघत राहिली. कंडक्टर ओरडला, "चला, चला बाई!" ती म्हणाली, "अभ्यास कर गो." आणि आत गेली. मी घरी येताना उकिरड्यावरून तो शंख शोधून काढला, धुतला आणि दप्तरात ठेवला. काका पुन्हा गावात आला नाही. आबा शेवटच्या आजारात त्याचं नाव घ्यायचे. पत्र टाकलं तेव्हा उशीर झाला होता.

तो शंख पुढे तीस वर्षं माझ्यासोबत वर्गात आला. मृदुकाय प्राण्यांचा धडा आला की मी तो मुलांच्या हातात द्यायचे. मुलं घाबरायची. मी सांगायचे, "घ्या रे, रिकामा शंख काही करत नाही, विष जिवंत प्राण्यात असतं." प्रत्येक वर्षी, प्रत्येक तुकडीला, न चुकता त्या चार ओळी मी सांगितल्या. परक्यांच्या लेकरांना. माझ्या घरात मात्र गोष्ट वेगळीच चालू राहिली. नामू ती ऐकत मोठा झाला आणि मग स्वतःच सांगू लागला, लग्नाकार्यात, पाहुण्यांसमोर, "माझ्या चुलतआजीनं मला तान्हेपणी विष चाटवलं व्हतं, आत्यानं पुस्तकात वाचून पकडलं. न्हाई तर मी कुठला!" लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. दर दिवाळीला तो मला वाकून नमस्कार करायचा. त्याच्या मुलीला घुटी द्यायची नाही असं त्याने बायकोला बजावलं होतं.

काका गेल्याचं कार्ड बऱ्याच वर्षांपूर्वी आलं होतं, त्यावरचा पत्ता मी जपून ठेवला होता. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं आज जाऊ उद्या जाऊ केलं. शेवटी ह्या माघात गेले. काकू भाचीकडे राहते. अंगणात चटईवर बसून सुकट निवडत होती. केस पांढरे, दात गेलेले, पण बोटं तशीच चपळ. मी नाव सांगितलं. तिने मान वर केली, बघितलं, "बस," म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. चहा आला. मी पिशवीतून पुस्तक काढलं. पानं पिवळी पडलेली. मी म्हटलं, "काकू, मला तुला काहीतरी वाचून दाखवायचंय." आणि त्या चार ओळी वाचल्या.

ती म्हणाली, "ठावं हाय."

"हो, तुला ठाऊकच होतं. तूच तर मला सांगितलं होतंस आधी."

"तसं नाय. पुस्तकात पुढं लिवलेलं हाय, ते ठावं व्हतं." तिने कचरा बाजूला टाकला. "तू थांबलीस. तुझं बोट नाय थांबलं. ते पुढं गेलं, दुसऱ्या वळीवर, तिसऱ्या वळीवर. मग तू पुस्तक मिटलंस. मी तुझं बोटच बघत असायची ना गो."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मी विचारलं, "मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"काय बोलू? मला अक्षर येत नाय आन मी सांगू, पोर पुढचं वाचत नाय म्हनून? कोन ऐकल?" मग म्हणाली, "तू सांगशील वाटलं. रात गेली की सांगशील. आठ दिवस वाट बघितली. गाडीत चढेपर्यंत बघितली."

मी रडले. तिने मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मी शंख काढून चटईवर ठेवला. तिने तो उचलला, सपाट झालेल्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "नामू कसा हाय?"

"छान आहे. दुकान आहे त्याचं. मुलगी झाली, मोठी आहे आता."

"त्याला सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग मला कशाला वाचून दाखवतेस?" ती म्हणाली. "मला तर येतंय ते."

शंख तिने ठेवून घेतला. मला जेवायला वाढलं, सुकटीची चटणी आणि भात. मी जेवले. निघताना ती फाटकापर्यंत आली नाही.

परतल्यावर हे प्रकरण लिहिलं, चौथ्यांदा, आणि ह्या वेळी दुसरीकडे वळले नाही. पानं नामूच्या दुकानात ठेवून निघून येण्याचा मोह मला झाला होता. पण मग तो एकट्याने वाचेल आणि मला त्याचं तोंड बघावं लागणार नाही, हेच तर मी आयुष्यभर करत आले होते. म्हणून काल दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी त्याच्यासमोर स्टुलावर बसले आणि म्हटलं, "आज मी वाचते, तू टाइप कर." तो हसला, "बरं झालं, तुझं अक्षर तरी वाचायला नको." मी वाचायला सुरुवात केली. घुटीपर्यंत तो मध्येमध्ये बोलत होता. ओसरीवरून पुस्तक आणायला मी आत गेले तिथून तो नुसता टाइप करत राहिला. त्या चार ओळी वाचल्या तेव्हा त्याची बोटं थांबली. मी थांबले नाही. पाण्याचं पातेलं, एसटीची पायरी, काकूचं अंगण, चटई, सगळं वाचलं आणि कागद खाली ठेवले.

स्क्रीनकडे बघतच तो म्हणाला, "आत्या, दर दिवाळीला मी तुझ्या पाया पडायचो."

"हो."

"आन तू पडू द्यायचीस."

मी म्हटलं, हो. मग म्हटलं, हेही लिही, गाळू नकोस. त्याने लिहिलं.